पेटीतला सहावा चतुर

पेटीत सहा टाचण्या होत्या. सहा टाचण्यांवर सहा छात्या, पाच पोटं आणि चार डोकी. सुटी झालेली दोन डोकी पेटीच्या कोपऱ्यात डांबरगोळीच्या आडोशाला सापडली. सहावं पोट सापडलं नाही. पंख चोवीस असायला हवे होते, एकवीस होते. पाय छत्तीस असायला हवे होते, एकोणीस होते. विसावा पाय मी भिंगाखाली धरून पाहिला, तो झुरळाचा निघाला. लेबलं पाच.

“झुरळाचा पाय आधी बाहेर काढ,” नेने सर म्हणाले. “भाऊंच्या हातात आयता पुरावा नको.”

भाऊ म्हणजे शांताराम भगत, आमच्या संस्थेचे कार्यवाह. त्या आठवड्यात ते प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात येऊन गेले होते. पेणच्या कॉलेजातलं ते संग्रहालय म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, सात कपाटं आणि त्यात नेने सरांची सगळी नोकरी. भाऊंनी खोलीभर नजर फिरवली, या पेटीपाशी थांबले, आणि म्हणाले, “सर, झुरळं का ठेवलीत?”

“झुरळं नाहीत ती. चतुर आहेत. अमेरिकेतले.”

“अमेरिकेतली झुरळं,” भाऊ म्हणाले, आणि मग मुद्द्यावर आले. पेणचे गणपती मॉरिशस आणि लंडनला पाठवण्याचा त्यांचा धंदा होता, आणि कॉलेजात त्यांना ‘मूर्ती निर्यात व्यवस्थापन’ हा नवा डिप्लोमा सुरू करायचा होता. त्याला तळमजलाच हवा, कारण पॅकिंगच्या प्रात्यक्षिकाला टेम्पो खिडकीशी लागला पाहिजे. कपाटं जिन्याखालच्या खोलीत जातील.

“तिथे उंदीर आहेत, भाऊ.”

“तुम्ही प्राणिशास्त्राचेच ना?”

नेने सर कपाटाला पाठ लावून उभे राहिले. ते असे उभे राहिले की फार बारीक दिसत. भाऊ दुष्ट नव्हते. त्यांनाही ते बघवलं नसावं. म्हणाले, “असं करू. बाहेरचा कोणी जाणकार आणा. त्याने बघून सांगितलं की ही खोली ठेवण्यासारखी आहे, तर खोली तुमची. मी शब्द देतो.”

जाणकार सरांनी शोधून काढल्या. डॉ. फिलोमिना लोपीस. मूळच्या वसईच्या, गेली कित्येक वर्षं अमेरिकेतल्या एका संग्रहालयात चतुरांवर काम करत होत्या. पुतण्याच्या लग्नाला वसईत येणार होत्या आणि सरांच्या तीन पत्रांनंतर एका शनिवारी पेणला यायला तयार झाल्या होत्या. त्या चतुरांच्या जाणकार, म्हणून मग इतर सहा कपाटं सोडून सगळा भार या एका पेटीवर आला. पेटी पूर्वीच्या कुणा विभागप्रमुखांनी अदलाबदलीत मिळवलेली होती. तिकडून हे सहा चतुर आले आणि इकडून खाडीतले निवटे मासे फॉर्मलिनच्या बरणीत घालून गेले. व्यवहारात फसलं कोण, हे आता सांगता येत नाही.

मी तेव्हा त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर होते. म्हणजे घंटा वाजली की माझा पगार सुरू होई आणि पुन्हा वाजली की थांबे. संग्रहालयाचं काम दोन घंटांच्या मधल्या जागेत, फुकट आणि हौसेने चाले. मी दोन्ही डोकी ज्याची त्याला चिकटवली. मानेच्या खाचा जुळवून पाहिल्या, त्यामुळे अदलाबदल झाली नाही याची खात्री आहे. पंख झटकले. तरीही पेटीकडे जरा लांबून पाहिलं की भाऊंचं म्हणणं पटायचं. सहाही चतुर तपकिरी पडले होते.

“जिवंतपणी कसा असतो गं हा?” सरांनी विचारलं.

मी पुस्तकातून वाचून दाखवलं. अमेरिकेतला हिरवा चतुर. लांबी सात ते आठ सेंटिमीटर. छाती गवतासारखी हिरवी, तिच्यावर एकही पट्टा किंवा ठिपका नाही. नराचं पोट निळं, पाठीवरून मधोमध गडद रेघ. पंख पारदर्शक, वयानुसार मधासारखी झाक येते. पंखाची पुढची शीर पिवळी. आणि कपाळावर, डोळ्यांच्या पुढे, नेमबाजीच्या फळीवर असते तशी खूण: काळा गोल ठिपका, त्याभोवती पिवळं, आणि पुढच्या बाजूने निळी कमान. मेल्यावर रंग जातात.

सरांनी पेटी बंद केली. पुन्हा उघडली.

“लोपीसबाई लेबलं वाचतील,” ते म्हणाले. “भाऊ लेबलं वाचत नाहीत. भाऊ रंग बघतात.”

“सर, नमुन्याला रंग लावायचा नसतो.”

“मी कुठे म्हणालो?”

“तुम्ही म्हणणार होतात.”

“एकाला,” सर म्हणाले. “शेजारी तुलनेसाठी ठेवू. हा जिवंतपणी असा, हे मेल्यावर असे. शैक्षणिक आहे.”

आम्ही त्यावर बराच वेळ वाद घातला. शेवटी मी एका अटीवर मान्य केलं. ज्याला लेबल नाही त्याला रंगवायचं. कुठे पकडला, केव्हा पकडला, कुणी पकडला हे माहीत नसलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने नसल्यासारखाच. गंमत म्हणजे सहांत सगळ्यात धडधाकट तोच होता. डोकं, पोट, चारही पंख, पाच पाय. मी मोजला: बहात्तर मिलिमीटर. नर.

पेणमध्ये काही रंगवायचं म्हटलं तर माणूस शोधावा लागत नाही. सरांनी काशीदाचं नाव घेतलं. काशिनाथ लांगी, साठी ओलांडलेले, कासार आळीच्या पलीकडे स्वतःचा गणपतीचा कारखाना. त्यांच्याकडे रंगकामाला दहाबारा माणसं होती, पण आखणी फक्त काशीदा करत. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळं अंग रंगून झालं, दागिने झाले, की शेवटी डोळे. भाऊ माल घेताना फक्त डोळे बघतात आणि काशीदाच्या मूर्ती डोळे बघून न मोजता उचलतात, असं सर म्हणाले.

मी पेटी घेऊन गेले तेव्हा श्रावण सुरू झाला होता आणि कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. फळ्यांवर गणपतींच्या रांगा होत्या, अर्ध्याअधिक अजून डोळ्यांवाचून. काशीदा मधोमध लाकडी पाटावर बसले होते. त्यांनी टाचणीसकट चतुर माझ्या हातून घेतला आणि उजेडात फिरवला.

“किती फुटी?”

“बहात्तर मिलिमीटर.”

“म्हणजे?”

मी बोटांनी दाखवलं.

“आमचा उंदीर याच्याहून मोठा असतो,” काशीदा म्हणाले. “तू वडखळच्या मोकलांची ना, बाय? केतकी ना? तुझा बाप माझ्याकडे दोन सीझन सोंडा घासायला होता. मध्येच सोडून गेला. बरं, हे वाहन कुणाचं?”

“कुणाचंच नाही. किडा आहे.”

“मग असा टाचणीवर उभा का केलाय?”

मी संग्रहालय म्हणजे काय ते सांगितलं, आणि शनिवारी काय होणार आहे तेही सांगितलं. भाऊंचं नाव निघाल्यावर त्यांनी मान हलवली. “शांताराम येणार. मग नीट करायला पाहिजे.”

मी रंगांचं टिपण काढलं. काशीदा म्हणाले, वाचून दाखव, माझा चष्मा जवळचा आहे पण इतका जवळचा नाही.

“छाती हिरवी.”

“पोपटी की शालूचा हिरवा?”

“गवतासारखा. त्यावर नक्षी अजिबात नाही.”

“अजिबात?”

“अजिबात. पोट निळं.”

“निळ्याचे माझ्याकडे पाच डबे आहेत.”

मी आकाशाचा निळा म्हणाले. आणि प्रामाणिकपणे सांगायला गेले की थंडीत या चतुराच्या पोटाचा रंग जांभळट होतो, ऊन लागलं की पुन्हा निळा.

“एकच काय ते सांग,” काशीदा म्हणाले. “गिऱ्हाइकाने रंग बदलला की जास्तीचे पैसे पडतात.”

“निळा. पाठीवर मधोमध गडद रेघ. पंखांना रंग नाही.”

“पंख तसेच ठेवू? बोडके दिसतील. सोनेरी बॉर्डर घेऊ.”

“नको, काका. पंख पारदर्शकच हवेत.” मग माझी नजर पुढच्या ओळीवर गेली. “पुढची शीर पिवळी आहे.”

“पुढची शीर म्हणजे कड?”

“हो.”

“कड पिवळी?”

“हो.”

“तेच बोलत होतो,” काशीदा म्हणाले.

मग मी कपाळावरची खूण वाचली. काळा गोल, भोवती पिवळं, पुढे निळी कमान. ते हातातला ब्रश खाली ठेवून ऐकत राहिले. चतुराचं डोकं त्यांनी डोळ्यांपाशी नेलं.

“याच्या कपाळावर गंध आहे,” ते म्हणाले.

“गंध नाही, खूण आहे. नैसर्गिक.”

“रोज लावायला नको म्हणजे. आधी का नाही सांगितलंस? मी किडा समजून बोलत होतो.” त्यांनी मांडी बदलली. “आणि डोळे?”

“डोळ्यांना काही करायचं नाही. डोक्याचा हा जवळजवळ सगळा भाग डोळेच आहेत. वर मधोमध दोन्ही एकमेकांना टेकलेत, बघा. एकेका डोळ्यात जवळपास तीस हजार भिंगं असतात.”

“तीस हजार?”

“हो.”

काशीदांनी चतुर पुन्हा उजेडात फिरवला. “मला दोन जमतात,” ते म्हणाले.

“ते आहेत तसेच राहू द्या.”

“बरं.”

या ‘बरं’वर मी विसंबून राहिले. काशीदाचं बरं म्हणजे ऐकलं, एवढंच, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी डॉ. लोपीस ठरल्या वेळेच्या आधीच आल्या. पांढरे कापलेले केस, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात मंगळसूत्रासारखं अडकवलेलं भिंग. बोलणं ऐकून वाटलं वसईहून कधी बाहेर पडल्याच नसतील. नेने सरांनी चहाला अदबीने सुरुवात केली तेव्हा त्या म्हणाल्या, “चहा मागाहून, सर. माझी वाट बघत बसलेत ते आधी बघू दे.”

भाऊ आले. त्यांच्यामागून काशीदा आले, धुतलेला सदरा घालून, हातात पेढ्यांचं खोकं धरून. खोक्यात कापूस, कापसात थर्माकोल, थर्माकोलवर टाचणी आणि टाचणीवर आमचा चतुर. हिरवी छाती आणि निळं पोट पाहून मला पुस्तकाचं पान उघडल्यासारखं वाटलं. पंखांना एकही डाग नव्हता. फक्त डोक्यावर टिकलीएवढा रेशमी कापडाचा तुकडा होता, दोऱ्याने हलकेच बांधलेला.

“हे काय?” मी हळूच विचारलं.

“चेहरा झाकून आणतात,” काशीदा म्हणाले. “यजमानासमोर काढायचा.”

कपाळाचा रंग ओला असेल, धूळ बसू नये म्हणून झाकलं असेल, असं माझ्या मनात आलं. मला ती खबरदारी आवडली. मी खोकं टेबलाच्या कडेला ठेवलं.

डॉ. लोपीस आधी पेटीतल्या पाच चतुरांवर वाकल्या. एकेक लेबल वाचत गेल्या, एकेका कपाळावर भिंग धरत गेल्या. मध्येच म्हणाल्या, “डोकी कुणी बसवली?”

“मी.”

“छान बसवलीत.” मग त्या सरळ उभ्या राहिल्या. भाऊंनी हात मागे बांधले. सर खिडकीकडे बघत होते.

“तुम्ही मला खरं विचारायला बोलावलंत ना?” डॉ. लोपीस म्हणाल्या.

“अगदी खरं,” भाऊ म्हणाले.

“मग खरं सांगते. हा तिकडचा फार सामान्य चतुर आहे. कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत कुठल्याही तळ्यावर जा, हा दिसेल. आमच्याकडे याचे चार ड्रॉवर भरलेत. लेबलं आहेत ते बरं आहे, नमुने जपून ठेवावेत असेच आहेत. पण या पाचांकरता एक खोली अडवावी, असं मी लिहून देऊ शकत नाही. सर, माफ करा.”

“माफ काय त्यात,” नेने सर म्हणाले. “प्रश्नच तो होता.” आणि त्यांनी कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा खिशातून काढून टेबलावर ठेवला. भाऊंनी अजून मागितलाही नव्हता.

भाऊंना जिंकल्याचा आनंद झालेला दिसला नाही, पण ते ठरलेलं विसरणारे नव्हते. “सोमवारी गडी पाठवतो,” ते म्हणाले. “जिन्याखाली आधी चुना मारून घेऊ, सर. उंदरांचंही बघू. तुमचा शब्द, माझा शब्द, आता—”

“माझा राहिला की,” काशीदा म्हणाले.

सगळे विसरले होते. काशीदांनी खोकं टेबलाच्या मधोमध ओढलं, भाऊंच्या बाजूला तोंड करून थर्माकोल बसवला, दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं आणि कापड उचललं.

चतुर बघत होता.

ज्या डोळ्यांना पापणी नसते त्यांना दोन पापण्या होत्या. लांबट, खालच्या बाजूला किंचित झुकलेले दोन डोळे, वरून बारीक काळी महिरप, आत तपकिरी कडं, कड्यात काळी बाहुली, आणि बाहुलीत उजेडाचा पांढरा कण. कपाळावर मी सांगितली होती तशीच खूण: काळा गोल, पिवळं, निळी कमान. एवढ्या शांत आणि प्रेमळ नजरेने त्या खोलीत माझ्याकडे कधी कुणी पाहिलं नव्हतं.

“काका,” मी म्हणाले, “डोळ्यांना काही करायचं नव्हतं.”

“डोळ्यांना काही केलंच नाही. डोळे नव्हते, ते केले.”

“मी तीस हजार सांगितले होते.”

“ते खाली आहेत तसेच आहेत. आखणीशिवाय माझ्या कारखान्यातून चेहरा बाहेर जात नाही, बाय. बापाला विचार.”

नेने सर खुर्चीत बसले. डॉ. लोपीस भिंग डोळ्याला लावून वाकल्या आणि बराच वेळ वर आल्या नाहीत. त्यांचे खांदे हलत होते.

भाऊ पुढे झाले. डावीकडे सरकले, मग उजवीकडे.

“इथेही बघतोय,” ते म्हणाले.

“बघणारच,” काशीदा म्हणाले.

भाऊंनी बराच विचार केला. “काशिनाथ, काम चोख आहे. डोळे तर प्रश्नच नाही, जसे असतात तसे तू काढलेस. पण हा टिळा कशाला? परदेशी किड्याला टिळा लावला म्हणून उद्या कोणी फोटो काढेल, पेपरात देईल, संस्थेला उत्तर देत बसावं लागेल. टिळा पूस.”

“टिळा त्याचाच आहे,” डॉ. लोपीस वर येत म्हणाल्या. त्यांचे डोळे ओले झाले होते.

“कुणाचा?”

“चतुराचा. उपजत. तिकडे शाळेतली मुलंसुद्धा त्यावरूनच त्याला ओळखतात. कमान इतकी बरोबर मी छापील चित्रातही पाहिलेली नाही.”

“आणि डोळे?”

“डोळे असे नसतात.”

“असे नसतात?”

“हे काशीदांचे आहेत.”

भाऊंनी पुन्हा एकदा चतुराकडे पाहिलं. “म्हणजे टिळा अमेरिकेचा आणि डोळे पेणचे,” ते म्हणाले. आयुष्यभर निर्यातीचा धंदा केलेल्या माणसाला हा हिशेब समजायला वेळ लागत होता.

“दोन्ही डोळे तंतोतंत सारखे वाटतात,” डॉ. लोपीस म्हणाल्या.

“वाटत नाहीत, आहेत,” काशीदा म्हणाले. “डाव्या-उजव्यात केसाचा फरक काढून दाखवा, ब्रश गुंडाळून ठेवतो. काढा, ही बाय काढेल. हिच्याकडे सगळं मोजायचं सामान असतं.”

सामान नव्हतं. सूक्ष्मदर्शकात बसवायची बारीक मोजपट्टी मी तीन वेळा मागितली होती आणि तीनही वेळा भाऊंनी पुढच्या वर्षी बघू असं सांगितलं होतं. मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ चतुराकडे बघत होते.

“तर सोमवारी,” काशीदा कापडाची घडी घालत म्हणाले, “हा पण जिन्याखाली?”

भाऊंनी चतुरावरची नजर काढून किल्ल्यांकडे नेली.

“नाही, विचारतोय. तिथे उंदीर आहेत म्हणतात. शांताराम, आपल्याला माहीत आहे. कारखान्यात मूर्तीला तडा गेला तर आपण आखणीच्या आधी मोडतो. रंग गेला, मजुरी गेली, चालतं. पण डोळे उघडल्यावर मोडत नाही. अडगळीत टाकत नाही. एक तर नीट ठेवायची, नाहीतर वाजतगाजत पाण्यात सोडायची.”

“तो किडा आहे, काशिनाथ.”

“मी कुठे नाही म्हणतोय?”

भाऊंनी जिन्याच्या दिशेने पाहिलं. मग चतुराकडे. त्यांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. मला त्या क्षणी डोळ्यांपुढे दिसलं, भाऊ ढोलताशा लावून बहात्तर मिलिमीटरचा चतुर भोगावती नदीवर विसर्जनाला नेताहेत. त्यांनाही तेच दिसत असावं.

“वरच्या मजल्यावर वारा चांगला येतो,” ते म्हणाले.

नेने सरांनी मान वर केली.

“डिप्लोम्याला,” भाऊ म्हणाले. “पॅकिंगचं काम घामाचं असतं. मुलांना वारा लागतो. आणि टेम्पोचं म्हणाल तर दोर लावून खाली सोडता येतं, लंडनला जायचं म्हणजे ती सवय पाहिजेच. ही खोली राहू द्या. कोंदट आहे.” टेबलावरचा जुडगा त्यांनी सरांच्या दिशेने ढकलला. ढकलताना चतुराच्या समोरून हात न नेता वळसा घालून नेला.

डॉ. लोपीस म्हणाल्या, “आता चहा.”

पण भाऊंचं समाधान झालं नव्हतं. दारापर्यंत गेलेले ते परत फिरले आणि पेटीकडे बोट केलं. “या पाचांचं काय? एकाला डोळे आहेत आणि बाकीच्यांना नाहीत, बरं दिसत नाही. काशिनाथ, पाचही करून टाक.”

“गणपती झाल्यावर,” काशीदा म्हणाले. “दसऱ्याच्या आत देतो.”

डॉ. लोपीसनी पेटीवर हात ठेवला. सर माझ्याकडे बघायला लागले. त्या पाचांना लेबलं होती. गाव, तारीख, पकडणाऱ्याचं नाव होतं. नमुन्याचं मूल्य, पुराव्याची शुद्धता, रंगद्रव्यांचे परिणाम, हे सगळं मला मुद्देसूद सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, “लेबल असलेल्यांची आखणी करत नाहीत, भाऊ. आमच्यात पद्धत आहे.”

“असं होय?”

“पहिल्यापासून.”

“मग राहू द्या,” भाऊ लगेच म्हणाले. “पद्धत आहे तर राहू द्या.” आणि जाताना त्यांनी दाराशी काढून ठेवलेल्या चपला घातल्या. त्या केव्हा काढल्या होत्या ते आम्हां कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मी कॉलेज सोडलं. नेने सर त्या खोलीतूनच निवृत्त झाले. डॉ. लोपीसनी अमेरिकेतून पाठवलेलं पत्र आलं, त्यात त्यांनी सहाव्या चतुराच्या फोटोची आणखी एक प्रत मागितली होती. पहिली त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवली होती. मी आता पुण्यात एका प्रयोगशाळेत असते आणि तिथे मोजायचं सगळं सामान आहे.

गेल्या वर्षी एका कामासाठी अलिबागला जायचं होतं. मी छोटा डिजिटल सूक्ष्मदर्शक बॅगेत घातला आणि वाटेत पेणला उतरले. खोली होती तिथेच होती. पहिल्या कपाटात, सगळ्यांत वरच्या फळीवर, काचेच्या पेटीत सहावा चतुर एकटा होता आणि त्याच्यापुढे ताजं जास्वंदीचं फूल होतं. वरच्या मजल्यावरून कोणीतरी दोराने काहीतरी खाली सोडत होतं आणि “सावकाश, सावकाश” म्हणत होतं.

काशीदांना निरोप पाठवला तर ते काठी टेकत आले. पंचाहत्तरी उलटली आहे, अजून आखणी तेच करतात.

“आलीस का शेवटी मोजायला?” ते म्हणाले आणि स्टुलावर बसले. “मोज. लपवू नकोस. फरक निघाला तर आजच ब्रश गुंडाळतो, पोरगा कधीचा वाट बघतोय.”

मी चतुर भिंगाखाली घेतला. हिरवा थोडा उडाला होता, निळा तसाच होता. प्रत्येक बाहुलीची रुंदी तीन-तीन वेळा मोजली, दर वेळी नमुना काढून पुन्हा बसवून, आणि सरासरी घेतली.

डावी बाहुली ०.६४ मिलिमीटर. उजवी बाहुली ०.६४ मिलिमीटर.